मदत हवी आहे: आजीच्या गोधडीतली चांदणी जुळत नाही, डमरू पाऊण इंच कमी भरतोय

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, साखर पेठेत राहते. आजीनं शिवलेली एक गोधडी आमच्याकडे आहे. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. गोधडी इतकी वर्षं ट्रंकेत होती. या पावसाळ्यात काढली तर एक कोपरा उंदरानं कुरतडलेला आणि मधल्या चार चौकोनांचं कापड विरलेलं. धाकट्या बहिणीला संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास बाळ होणार आहे. बारशाला त्याच नक्षीचं दुपटं शिवून द्यायचं आणि मूळ गोधडीही नीट करायची, असं मी ठरवलंय. शिवणयंत्र चालवता येतं, ब्लाउज-परकर शिवते, पण तुकडे जोडायचं हे काम पहिल्यांदाच करते आहे.

गोधडीत आडवे पाच आणि उभे सहा असे तीस चौकोन आहेत. दोनच नक्ष्या, एकाआड एक.

पहिलीला आजी चांदणी म्हणायची. चौकोनाची नऊ घरं. मधलं घर साधं लाल, कोपऱ्यांतली चार घरं पांढरी, धोतराची असावीत. उरलेल्या चार घरांत प्रत्येकी चार त्रिकोण, टोकाला टोक लावलेले, डमरूसारखे. लांबून बघितलं की आठ टोकांची चांदणी दिसते.

दुसरीला ती वाडा म्हणायची. मधोमध छोटा लाल चौकोन, ती तुळस. तिच्याभोवती पट्ट्यांचे फेरे. दोन बाजूंना फिके रंग, दोन बाजूंना गडद. इरकलीचे काठ यात पुष्कळ आहेत.

शिवाय चारी कडांना घडी घातलेल्या छोट्या त्रिकोणांची रांग आहे. ती कशी केली हे मला अजिबात उमगलेलं नाही.

अडचण चांदणीची आहे. चौकोन भरतो साधारण 9 इंच, म्हणजे एक घर 3 इंचांचं. पाव-पाव इंच माया (शिलाईत जाणारी कड) धरून मी सगळे चौकोन साडेतीन इंचांचे कापले. डमरूसाठीही तेच चौकोन घेऊन दोन्ही कर्णांवर कापले आणि रंग बदलून जोडले. तर डमरू भरतो पावणेतीन! शेजारचा चौकोन साडेतीनचा. ओढून जुळवला तर मध्ये फुगा येतो आणि चांदणीची टोकं शिलाईत जातात. तीन वेळा उसवलं. चाटी गल्लीतून आणलेलं दीड मीटर कापड संपत आलंय.

माझं नेमकं काय चुकतंय? या नक्ष्यांना रूढ नावं आहेत का, म्हणजे शोधता येतील? आणि मूळ गोधडीतले विरलेले चौकोन काढून नवे बसवावेत का?

प्रतिसाद 1 (बार्शी)

ताई, तुमची शिलाई बरोबर आहे, चूक कापण्यात आहे. तीस वर्षं शिवणाचा क्लास घेतलाय, ही चूक दर बॅचला दिसायची.

साध्या चौकोनाला चार कडाच असतात, म्हणून 3 इंचांच्या घराला अर्धा इंच वाढवलं की पुरतं. डमरूत कडांशिवाय कर्णावरच्या शिलाया आहेत आणि त्याही कापड खातात, पाऊण इंचाला थोडं कमी. कडेचा अर्धा आणि हा पाऊण, मिळून सव्वा. म्हणून डमरूसाठी कापायचा चौकोन घरापेक्षा सव्वा इंच मोठा: तीन अधिक सव्वा, सव्वाचार. तुम्ही साडेतीनचा घेतलात, पाऊण इंच कमी. तेवढाच तुमचा डमरू लहान आला.

एका चांदणीला सव्वाचारचे दोन चौकोन लाल, दोन पांढरे. प्रत्येकाचे दोन्ही कर्णांवर चार त्रिकोण, म्हणजे आठ लाल, आठ पांढरे. साडेतीनचा एक लाल मधला, चार पांढरे कोपऱ्यांचे. बस.

आधी एक लाल आणि एक पांढरा त्रिकोण आखूड बाजूनं जोडा. अशा आठ जोड्या करा आणि सगळ्यांत लाल एकाच हाताला येईल हे बघा, नाहीतर डमरू होणारच नाही. मग दोन जोड्या मिळून एक डमरू. माया लाल कापडाच्या बाजूला वळवा. दोन्ही जोड्यांची माया उलटसुलट येते आणि मधला सांधा आपोआप एकमेकांत बसतो. झालेला डमरू साडेतीनला चारी बाजूंनी सारखा छाटा. एकाच बाजूनं छाटलात तर मध्य सरकेल.

चौकोन लावताना डमरूचा लाल भाग कोपऱ्यांकडे, पांढरा बाहेर आणि मध्याकडे. तीन-तीनच्या तीन रांगा आधी शिवा, मग रांगा जोडा.

प्रतिसाद 2 (सोलापूर)

ताई, मी एमआयडीसीत युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंगला आहे. काकूंनी माप सांगितलंय तेच. एक भर घालतो.

चौकोन उभ्या-आडव्या धाग्यावर सरळ कापा, मगच कर्ण मारा. तसं केलं की त्रिकोणाची लांब बाजू सरळ धाग्यावर राहते आणि आखूड बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, होतात. उरेब ताणतं, पण ते डमरूच्या आत जातं, बाहेरची कड सरळ राहते. उरलेल्या कातरणातून त्रिकोण कसेही काढले की उरेब कडेवर येतं आणि चौकोन सैलावतो. तुमचा फुगा थोडा ओढल्यामुळं, थोडा यामुळंही असेल.

दुसरं, कापण्याआधी कापडाला खळ द्या. आपल्याकडं सुताला देतात तशी, भाताच्या पेजेची पातळ चालेल. कडक कापड कापायला आणि जोडायला सोपं जातं, धुतलं की निघून जाते. इस्त्री वरून दाबायची की, घासायची नाही.

आणि लाल कापड आधी भिजवून बघा. बाळाच्या दुपट्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला तर सगळी मेहनत जाईल. पांढऱ्या फडक्यावर ओलं दाबून बघायचं, डाग येतोय तोवर धूत राहायचं.

प्रतिसाद 3 (धारवाड)

मापाचं उत्तर मिळालंच आहे. मला कडेच्या त्रिकोणांबद्दल बोलायचंय.

आमच्या भागात गोधडीला कौदी म्हणतात. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकन वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोण असतात. त्यांना फुलं म्हणतात. त्यांच्याविना कवंदी उघडी वाटते, अशी तिथली समजूत. ही शिवण तुमच्या चांदणीपेक्षा मुळातच वेगळी. चांदणीत तुकडे एकमेकांना जोडून वरचा थर तयार होतो. कवंदीत तळाला आख्खी साडी पसरतात, तुकड्याची कड आत दुमडून तो थेट तिच्यावर ठेवतात आणि धावदोरा घालतात. सुरुवात कडेला, मग फिरत फिरत मध्याकडे. तिथं चौकोनाचं माप जुळवावं लागत नाही.

तर ताई, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी तुमची गोधडी कोणत्या पद्धतीची हे बघा. उंदरानं कुरतडलंय तिथून आत डोकावा. तुकड्यांच्या माया एकमेकींना शिवलेल्या आहेत की प्रत्येक तुकडा खालच्या कापडावर सुटा बसवलाय? आणि धागा कुठं संपतो, कडेला की मध्यात?

धागाकर्ती

काकू, दादा, ताई, तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री सव्वाचारनं कापून एक डमरू केला. छाटून बरोब्बर साडेतीन! फार आनंद झाला.

मग आई आणि मी खिडकीपाशी बसून कुरतडलेला कोपरा टॉर्च लावून बघितला. दोन्ही पद्धती आहेत! चांदणीच्या तुकड्यांची माया आत एकमेकींना जोडलेली, बारीक हातशिलाई, मध्ये मध्ये उलटी टीप. कडेचा पट्टा मात्र खालच्या लुगड्यावर सुटा बसवलाय आणि त्रिकोण त्याच्या घडीत खोचलेत. धागाही वेगळा. आत पांढरा रीळ, कडेला साडीतूनच काढलेलं जाड सूत.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कड अव्वानं घातली असणार. अव्वा म्हणजे आजीच्या सासूबाई, माहेर इंडी तालुक्यातलं, शेवटपर्यंत कन्नडच बोलायच्या. आजी लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. दोघींनी मिळून एक गोधडी शिवली हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तर आजवर सगळी आजीचीच समजत होते. वरती तसंच लिहिलंय, ते राहू दे, पण चूक आहे.

प्रतिसाद 4 (पुणे)

वाचून बरं वाटलं, ताई. नावांबद्दल सांगते.

तुमची चांदणी अमेरिकेत ओहायो स्टार म्हणून प्रसिद्ध आहे आणि वाडा म्हणजे लॉग कॅबिन. तिकडे मधल्या लाल चौकोनाला घरातली शेकोटी मानतात. तुमच्या आजीनं तुळस मानली. लॉग कॅबिनची लाट तिकडे 1860 च्या दशकात आली. एकाच नक्षीला दहा नावं असतात, कारण वर्तमानपत्रं नक्ष्या छापत आणि नवी नावं देत. कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्रानं 1928 ते 1961 अशा नक्ष्या छापल्या. म्हणून नावावरून शोधू नका, घरं मोजा. एका बाजूला किती घरं, दोन, तीन, चार की पाच, हे आधी ठरवा. मग कोणत्या घरात त्रिकोण आहेत ते बघा. गोधड्यांच्या अमेरिकन अभ्यासक बार्बरा ब्रॅकमन यांनी हजारो नक्ष्यांची वर्गवारी अशीच रचनेवरून केली.

वाड्याचं माप सोपं आहे. 9 इंचांत मधला चौकोन 1 इंचाचा आणि 1 इंचाच्या पट्ट्यांचे चार फेरे: एक अधिक आठ, नऊ. कापताना सगळं दीड इंच रुंद. फिका, फिका, गडद, गडद या क्रमानं एकाच दिशेनं फिरत जायचं. जुन्या लॉग कॅबिनमध्ये पट्ट्या बऱ्याचदा खालच्या कापडावर बसवत, तेही उलटून तपासा.

सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या, शाळा होत्या. आजी तिथं शिकल्या होत्या का?

धागाकर्ती

नाही ताई, आजी करमाळ्याकडच्या खेड्यातली, शाळेत गेलीच नाही. मला वाटतं चौकोनी कापड दोनदा तिरकं दुमडलं की डमरू कुणालाही दिसेल, त्यासाठी ओहायोपर्यंत जायला नको. पण नाव कळल्यामुळं चित्रं शोधता आली, ते फार उपयोगी पडलं. वाड्याखाली मलमलीसारखं कापड निघालं, तुमचं म्हणणं खरं ठरलं.

आता दुरुस्तीचं. विरलेले चार चौकोन मोजले: एक पावणेनऊ, दोन नऊ, एक सव्वानऊ. एकाच हाताचे असून असे का?

प्रतिसाद 1 (बार्शी)

कारण आजींनी टेप लावलाच नसेल हो. बारा अंगुळांची एक वीत, म्हणजे साधारण 9 इंच. वीतभर चौकोन, चार बोटांचं घर. बोटं थोडी सैल ठेवली की पाव इंच वाढतो. दुपटं टेपनं शिवा. गोधडीत मात्र प्रत्येक विरलेल्या चौकोनावर पातळ कागद ठेवून त्याचंच माप घ्या. आणि जुनं उसवून काढू नका. त्याखाली मऊ धुतलेली मलमल सरकवा, विरलेलं कापड तिच्यावर धावदोऱ्यानं धरा. अगदीच भोक असेल तिथंच नवा तुकडा, तोही जुन्या सुती साडीचा. नवं कोरं कापड आटतं आणि शेजारचं जुनं फाडतं.

धागाकर्ती

काकू, हे वाचल्यावर आईनं गोधडीतल्या एका घरावर हात ठेवला. तिची चार बोटं घरात बसून थोडी जागा उरली. आजी उंच होती, हातही मोठे. आई म्हणते, आजी बोटं ठेवून खडूनं खूण करायची आणि तिला हाक मारली तरी खूण होईपर्यंत बोलायची नाही.

जुनं काहीच काढणार नाही. मलमल धुवून दोरीवर घातली आहे. दुपट्याच्या चार चांदण्या झाल्या, टोकं सगळी शाबूत आहेत. लाल चार वेळा धुतला, आता फडकं पांढरं राहतंय.

धारवाडच्या ताई, दुपट्याच्या चारी कोपऱ्यांना अव्वाची फुलं लावायची आहेत. किती मोठा चौकोन घेऊन कशी घडी घालायची, तेवढं सांगाल का? बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून मऊ सुती कापडच घेतलंय.

प्रतिसाद 3 (धारवाड)

4 इंचांचा चौकोन घ्या. कर्णावर एकदा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. उघड्या कडा दुपट्याच्या काठात खोचा आणि टोक बाहेर ठेवा. हातानंच शिवा, दुहेरी धाग्यानं, बाळ ओढणारच. खोचण्यापूर्वी एक फूल स्वतःच्या गालावर घासून बघा.