शब्दचर्चा : 'रन' धावतो कुठे आणि चालतो कुठे

परवा गावाकडच्या चुलतभावाने नव्या पाणबुडी मोटारीच्या खोक्यातलं माहितीपत्रक फोटो काढून पाठवलं. खाली लिहिलं होतं, "दादा, हे काय म्हणतायत बघ जरा." तिसऱ्याच ओळीत मराठीत छापलेलं : 'पंप कोरडा धावू नका.' त्याखाली : 'पंप धावत असताना केबल ओढू नये.' बांधावरून पंप पुढे पळतोय आणि भाऊ केबल धरून मागे, असं चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. मुळात 'रन द पंप ड्राय' असणार आणि कुणीतरी कोशातला पहिला अर्थ उचलला असणार. शिवारात कुणालाही विचारा, तो सांगेल : "मोटार कोरडी चालवू नको, जळंल."

मीही अनुवादावरच पोट भरतो, त्यामुळे हसून झाल्यावर जरा ओशाळलो. 'रन'ने मलाही कमी वेळा पाडलेलं नाही. हे क्रियापद आहेच तसं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी, वीस खंडांची आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा सर्वांत लांबलचक नोंद 'सेट'ची होती. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली आणि 'रन'ने 'सेट'ला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्या एका क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि अर्थ निघाले ६४५. एवढ्या वेळात आपल्याकडे बाळंतपण होतं.

पण मला त्या आकड्यापेक्षा दुसरीच गंमत वाटते. इंग्रजीत जे जे धावतं, त्यातलं बहुतेक मराठीत निवांत चालतं. घड्याळ चालतं, गिरणी चालते, दुकान चालतं, पिक्चर पंचवीस आठवडे चालतो. बाई घर चालवते, पुतण्या क्लास चालवतो, संगणकावर प्रोग्रॅम चालवतात. इंजिनं आणि कारखाने आले तसा 'रन' त्यांच्यावर चढत गेला आणि त्याचे अर्थ फुगले. आपण तीच यंत्रं घेतली, पण 'चालणे'च्या हवाली केली. बँकेतलं 'करंट अकाउंट' बघा. 'करंट'च्या मुळाशी लॅटिनमधलं धावण्याचं क्रियापद आहे. आपण त्याला 'चालू खातं' म्हणतो. तेच 'चालू महिना', 'चालू वर्ष'. माणूस मात्र 'चालू' असला तर त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

उलट दिशेने आलात तर 'चालणे' इंग्रजीच्या हाती लागत नाही. "चहा चालेल का?" "चालेल की." इथे ना 'रन' कामाचा, ना 'वॉक'. "काय चाललंय?" या दोन शब्दांत आपण जेवढं विचारतो, तेवढ्याला साहेबाला निदान दोन वाक्यं लागतील.

पाण्याकडे वळलं की क्रियापद बदलतं. नदी वाहते, नळ वाहतो, नाक वाहतं. लहान मुलाचं असेल तर गळतंसुद्धा. आता कुणी म्हणेल, पळण्याला आणि वाहण्याला एकच शब्द ही इंग्रजांची अजब तऱ्हा. तसं नाही. जर्मनमध्ये 'रिनेन' म्हणजे वाहणं आणि 'रेनेन' म्हणजे पळणं, दोघे सख्खे भाऊ. आणि आपल्या संस्कृतातला 'धाव्' धातूही पळणं आणि वाहणं दोन्ही सांगायचा. शिवाय त्याच रूपाचा आणखी एक 'धाव्' आहे, धुण्याचा. म्हणून 'दंतधावन' म्हणजे दात घासणं. शाळेत आमच्या वर्गातल्या एकाने त्याचा अर्थ 'दातांची शर्यत' लिहिला होता आणि मार खाल्ला होता. आज वाटतं, पोरगं अगदीच चूक नव्हतं. मराठीने 'धावणे'तलं पाणी काढून टाकलं आणि पाय तेवढे ठेवले.

नुसत्या पायांच्या कामातही आपण वाटणी केली आहे, आणि 'रन'चा अनुवाद करणारे ठेचकाळतात ते इथे. धावणं बहुधा कशाच्या तरी दिशेने असतं, पळणं बहुधा कशापासून तरी. शेजारी मदतीला धावला म्हणतो आपण, पळाला नाही. चोर मात्र पळाला. लग्न करायचं तर पळून जातात, 'धावून जाऊन लग्न केलं' म्हटलं तर वऱ्हाडी हसतील. 'धावून येणे' म्हणजे मदत, आणि मागे 'अंगावर' जोडलं की मारामारी. देवाचा तर 'धावा'च करतात. हा नियम काही पोलादी नाही. आमच्याकडे "पळत जा, दुकानातनं साखर आण" असंच म्हणतात, आणि तिथे पोराने पळून जावं असं कुणालाच वाटत नसतं.

मग मराठीत खरोखर धावतं कोण? आगगाडी. मोल्सवर्थ-कँडींचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला, तेव्हा इथे रेल्वे नव्हती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी 'धावली', असंच आजही प्रत्येक जण लिहितो. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटीसुद्धा 'धावली'. त्या लाल डब्यातून प्रवास केलेला माणूस या क्रियापदाकडे जरा संशयाने बघेल. आणि मुंबईचा लोकलवाला तर रोज ऐकतो : गाडी वीस मिनिटे उशिराने धावत आहे. गाडी असते कुर्ल्याच्या अलीकडे सिग्नलला, ठार उभी.

विमानासाठी केलेला 'धावपट्टी' हा शब्द मला फार आवडतो. क्रिकेटमधली 'धाव' आणि 'धावबाद'ही तितकेच मुरले आहेत. 'धावतं समालोचन' इंग्रजीवरून उचललेलं आहे हे आता सांगावं लागतं. पण 'धाव' तशी जुनीच. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून चढवतात, तिला धाव म्हणतात. हा अर्थ माहीत असलेली माणसं आता कमीच भेटतात.

निवडणुकीत तर तीन भाषांचे तीन स्वभाव दिसतात. अमेरिकेत उमेदवार धावतो, इंग्लंडात उभा राहतो. मराठीतही तो उभाच राहतो, पण आपण पुढची पायरी गाठली आहे : उभ्या राहिलेल्याला 'बसवता' येतं. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी कुणीतरी चहाच्या टपरीवर येऊन सांगतं, "तो बसला." ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही, फार तर रक्कम.

काही ठिकाणी 'रन'ला एक शब्द शोधत बसणंच व्यर्थ. भाचीने विचारलं, "मामा, 'डायबेटीस रन्स इन अवर फॅमिली' कसं म्हणायचं?" मी काही जुळवायच्या आत तिची आजी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आपल्या घराण्यातच आहे म्हणायचं." धावणं नाही, चालणं नाही, नुसतं 'आहे'. तसाच ताप अंगात भरतो किंवा चढतो, रस्ता शेताकडून जातो, कपड्याचा रंग जातो. इंग्रजीत रंग उतरून दुसऱ्या कपड्याला लागणं वेगळं आणि नुसतं फिकं पडणं वेगळं. आपल्याकडे साडीच्या दुकानात "रंग जाणार नाही ना?" या एका प्रश्नात दोन्ही भित्या आल्या.

दुसरीकडे बाजाराने 'रनिंग' हा शब्द परस्पर घेऊन टाकलाय. जुनी गाडी बघायला गेलात तर "रनिंग किती झालंय?" म्हणजे किती किलोमीटर. ओट्याचा ग्रॅनाइट 'रनिंग फुटा'ने मोजतात. पहाटे मैदानावर जाणारी पोलीस भरतीची पोरं 'रनिंगला' जातात, धावायला नाही. यांना मराठी प्रतिशब्द सुचवायच्या भरीला मी पडणार नाही. सुचवला तरी ओटेवाला वापरणार नाही.

'ड्राय रन' तेवढा अजून सतावतो. २ जानेवारी २०२१ ला करोना लशीचा देशभर 'ड्राय रन' झाला, आपल्याकडे पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार जिल्ह्यांत. बातम्यांत कुठे 'ड्राय रन' तसाच ठेवला, कुठे 'रंगीत तालीम' केली. म्हणजे तिकडे जे कोरडं, ते इकडे रंगीत. भावाला मी ओळ सुधारून पाठवली : 'पाणी नसताना मोटार चालू करू नका.' त्याचं उत्तर आलं, "एवढंच होय! ते तर मला ठाऊक होतं."