मंजूर झालेली निराधार पेन्शन मध्येच थांबली, तर कार्यकर्त्यांना काय शिकवावं?

माणदेशची_ताई
नमस्कार. आमच्या तालुक्यात बचत गटाच्या सीआरपी (गावोगाव गटांचं काम बघणाऱ्या ताई), काही आशाताई आणि कॉलेजची मुलं असा गट बांधतोय. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळची पेन्शन थांबली की म्हातारी माणसं हेलपाटे घालत बसतात. तहसीलवाले म्हणतात बँकेत जा, बँकवाले म्हणतात तहसीलला जा. डीबीटी, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात पैसे, सुरू झाल्यापासून तर फारच. त्यांच्यासोबत जाऊन नेमकं काय विचारायचं, हे गटाला शिकवायचंय. उत्पन्न मर्यादा, महिन्याची रक्कम वगैरे माहिती पत्रकात आहेच. पण सुरुवात कुठून करू?

निवृत्त_अव्वल_कारकून
ताई, तहसीलमधल्या संजय गांधी शाखेचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं. पहिल्या दिवशी योजना शिकवूच नका, पासबुक वाचायला शिकवा. शेवटची रक्कम कधी जमा झाली, कुठल्या नावाने आली, पासबुक शेवटचं कधी भरून घेतलं. कित्येकदा पैसे येतच असतात, फक्त नोंद छापलेली नसते.

मग एकच प्रश्न: पैसे तहसीलमधून निघालेच नाहीत, की निघून भलतीकडे गेले? निघाले नसतील तर हयातीचा दाखला दिलाय का, उत्पन्नाचा दाखला जुना झालाय का, आधारवरचं आणि यादीतलं नाव जुळतंय का, ते बघा. आधारवर ‘शेवंताबाई’, यादीत ‘शेवंता’, बँकेत माहेरचं आडनाव, अशी माणसं खूप अडकतात.

आणि हे मुलांना पक्कं सांगा: मंजूर माणसाचा नवा अर्ज भरू नका. एजंट तेच करतात, पैसे घेतात, आणि जुन्या मंजुरीचा पाठपुरावा तिथेच थांबतो. जुना मंजुरी आदेश शोधा. तो घरात नसेल तर शाखेत, प्रकरण मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीची तारीख सांगून मागा. ‘बंद झालंय’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका. कारण लेखी मागा, अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा कुणालाच करता येत नाही, आतल्या माणसालाही नाही.

बँकमित्र_परभणी
काकांनी तहसीलची बाजू सांगितली, मी पुढची सांगतो. ‘खात्याला आधार जोडलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. डीबीटीचे पैसे आधार क्रमांकावरून जातात आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले हे व्यवहार चालवणारी संस्था) नोंदीत एका आधारला एका वेळी एकच बँक असते. २०२४ मध्ये लाडकी बहीणच्या वेळी गावोगाव नवी खाती उघडली. पेन्शनवाल्या आजीनेही सुनेसोबत जाऊन खातं काढलं असेल, आणि आधार तिकडे जोडलं गेलं असेल, तर पेन्शन तिकडे पडत असते आणि आजी जुनं पासबुक घेऊन रांगेत उभी. पैसे बुडालेले नसतात. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते) बघितलं की बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी मोबाइल आधारला जोडलेला लागतो. नसेल तर बँकेतच विचारा.

एक विनंती. ओटीपी आणि अंगठा यांवर वेगळा तास घ्या. कार्यकर्त्याने आजीचा ओटीपी स्वतःच्या फोनवर मागवायचा नाही, तिचं पासबुक घरी न्यायचं नाही. मशीनवर अंगठा लावून पैसे काढले की पावती हातात पडल्याशिवाय तिला उठू द्यायचं नाही. मशीनने बोट घेतलं नाही असं सांगून पैसे काढून घेतल्याच्या तक्रारी माझ्यापर्यंत आल्या आहेत, आणि फसलेली माणसं सगळी सत्तरीपुढची.

माणदेशची_ताई
दोघांचे मनापासून आभार. सकाळचं सत्र पासबुकाचंच ठेवते. लेखी देऊनही महिना-दोन महिने उत्तर नसेल तर?

निवृत्त_अव्वल_कारकून
आधी नायब तहसीलदारांना भेटा, पोच दाखवा. मग १० रुपये भरून माहिती अधिकार: ‘माझ्या प्रकरणावर आजवर काय कार्यवाही झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्या’ एवढंच लिहा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. सोबत जिल्ह्याच्या लोकशाही दिनात जा, महिन्याचा पहिला सोमवार. सत्रासाठी खऱ्या पासबुकांच्या झेरॉक्स वापरणार असाल तर नाव, खाते क्रमांक झाकून घ्या, आणि ज्याची आहे त्याला आधी विचारा.