वान्नेराले 'वाघ आला' सांगता येते, मंग मानूस केव्हा बोलाले लागला?

धुऱ्यावरचा (धारणी तालुका)
राजेहो, आमचं वावर मेळघाटच्या काठाले. हरभरा घाट्यावर आला की जागल करा लागते, नाही तं रोही अन् डुकरं काही ठेवत नाहीत. उजाडता उजाडता सागाच्या शेंड्यावरून वान्नेर खॅक-खॅक करते. खालची चितळं शेपट्या वर करतात, पाय आपटतात अन् पळतात. मंग मीबी मचानावरून उतरत नाही. म्हंजे वान्नेर बोललं, हरनाले समजलं, मलेबी समजलं!

पोरगी बारावीले हाय. ते म्हनते, बाबा हे भाषा नोहे, निस्ता इशारा हाय. म्या म्हनलं, फरक काय? तिले सांगता नाही आलं. इशारा कुठं सरते अन् बोलनं कुठं सुरू होते? जानकारानं सांगा.

निवृत्त_गुरुजी (परतवाडा)
लेक बरोबर बोलली. पण तुमचा प्रश्नही वरवरचा नाही. आफ्रिकेतल्या व्हर्वेट माकडांवर सेफार्थ, चेनी आणि मार्लर या संशोधकांनी १९८० साली काम प्रसिद्ध केलं. बिबट्या, गरुड आणि साप, तिघांसाठी त्यांची हाक वेगळी. आसपास काहीही नसताना नुसती रेकॉर्ड केलेली हाक वाजवली, तरी बिबट्याच्या हाकेला ती झाडावर चढतात, गरुडाच्या हाकेला वर बघतात, सापाच्या हाकेला खाली गवतात.

इथवर ठीक. पण तुमच्या वानराला 'काल नाल्यावर वाघ आला होता' हे सांगता येत नाही. 'आज वाघ नाही, उतरा' हेही नाही. जे समोर नाही त्याबद्दल बोलता आलं, तिथून भाषा धरायची, असं मला वाटतं.

केव्हा, ते विचारू नका. आवाज मातीत उरत नाही. इस्राएलच्या केबारा गुहेत १९८३ मध्ये एका निअँडरथल (आपल्या जवळची, आता नामशेष झालेली मानवजात) माणसाचं जिभेच्या मुळाशी असणारं हाड सापडलं, सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीचं, बरंचसं आपल्यासारखं. तेवढ्यावरून तो बोलत होता असं म्हणता येत नाही. पॅरिसच्या भाषाविज्ञान मंडळानं तर १८६६ मध्येच नियम केला होता, की भाषेच्या उगमावरचे निबंध घेणार नाही. मंडळी अंदाजांना विटली असणार!

सिपनाकाठ
कायले आफ्रिकेत जाता? आमची कोरकू सगळ्यात जुनी भाषा हाय. लिहून घ्या.

निवृत्त_गुरुजी (परतवाडा)
कोरकू मुंडा भाषाकुळातली, संथालीची नातेवाईक. गोंडी-कोलामी द्राविडी. जळगाव जामोदकडची निहाली कोणत्याच कुळात बसत नाही. पण अमुक सगळ्यात जुनी, असं कोणत्याच बोलीबद्दल म्हणता येत नाही. प्रत्येकीच्या मागं तेवढेच आजे-पणजे आहेत.

अंगणवाडीताई
आमच्या गावात एक मुका पोरगा आहे. डोक्याला दोन बोटं लावली की बैल, मिशी पिळली की सरपंच. (सरपंचाला मिशी नाही. आधीच्याला होती!) त्याच्या मायला सगळं कळते, बाकी गावाला चार-दोन खुणा. त्याच्यासारखं दुसरं लेकरूच गावात नाही, म्हणून गाडी तिथंच अडली.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात उलट झालं. १९७७ नंतर तिथल्या राजधानीत, मानाग्वात, बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते, ते काही जमलं नाही. पोरांनी मात्र खेळताना अन् बसमध्ये आपापल्या घरच्या खुणा एकत्र केल्या. मागून आलेल्या लहान्यांनी त्याला व्याकरण दिलं. मोठ्यांपेक्षा लहान्यांची भाषा जास्त बांधीव निघाली. उलट अकबरानं तान्ही लेकरं न बोलणाऱ्या दायांजवळ ठेवली होती, त्यांच्या तोंडून एक शब्द आला नाही. तर पहिलं कोण बोललं, यापेक्षा कोणाकोणात बोललं ते विचारा, दादा.

धुऱ्यावरचा (धारणी तालुका)
ताई, हे पटलं. म्हंजे म्हाताऱ्याइनं नाही, पोट्ट्याइनंच केलं असन हे काम. पोरगी आता लय खुश हाय, अन् तिनं नवंच काढलं: वान्नेर लबाड बोलते काय? वाघ नसताना खॅकून दुसऱ्याले पळवते अन् चिंचा एकटंच खाते, असं कोनी पायलं काय?

निवृत्त_गुरुजी (परतवाडा)
कॅपुचिन माकडांत पाहिलंय, अर्जेंटिनात इग्वाझूच्या जंगलात. केळी ठेवली की दबलेली माकडं धोक्याची हाक देतात, दांडगी पळतात, आणि ही केळी उचलतात. मुद्दाम की घाबरून, यावर वाद आहे. चिंचेखालचं वानर तुमच्या लेकीनं बघावं आणि इथं लिहावं.