हापूसची जुनी कलमं एक वर्षाआड धरतायत, कल्टार घालू की छाटणी करू?

राजापूरवाला_पुण्यात
नमस्कार मंडळी. आमची राजापूर तालुक्यात कातळावर हापूसची बाग आहे, आजोबांनी सुरुंगाने खड्डे फोडून बाहेरून माती आणून लावलेली, कलमं आता पन्नाशीला आली असतील. बरीच वर्षं कराराने दिली होती, या वर्षापासून आम्ही स्वतः बघायचं ठरवलंय. झाडं उंच गेलीत, फांद्या एकमेकांत घुसल्यात, खाली दुपारीसुद्धा काळोख असतो आणि आंबा फक्त शेंड्याला. त्यात एक वर्ष बरा येतो, दुसऱ्या वर्षी नुसती पालवी. वाडीतले काका म्हणतात पावसात कल्टार (मुळाशी ओतायचं वाढ रोखणारं औषध) घाल, मोहोर येतोच. भाऊ म्हणतो छाटून टाकू. बांधावर एक मोठा रायवळ (कोयीपासून वाढलेला गावठी आंबा) पण आहे, सावली पडते म्हणून तोही तोडायचा विचार चाललाय. अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा, बाग हातची जाऊ द्यायची नाहीये.

देवगडी_बागायतदार
दादा, एक वर्षाआड धरणं हा हापूसचा स्वभावच आहे. ज्या काडीने यंदा फळ पोसलं तिला पालवी उशिरा येते, ती थंडीपर्यंत जून होत नाही, मग मोहोर कुठून येणार. कल्टार झाडातलं वाढीचं संजीवक, म्हणजे जिबरेलिन, दाबतं, म्हणून पालवी थांबते आणि मोहोर लवकर येतो. आम्ही घालतो आणि फरक पडतो. प्रमाण विस्तारावर धरायचं, झाडाच्या घेराचा व्यास जितके मीटर तितक्या वेळा ३ मिली. १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पावसाची उघडीप बघून, बुंधा आणि घेराची कड यांच्या मध्यावर गोल धरून १०-१२ सेंमी खोल २५-३० भोकं पाडायची आणि पाण्यात कालवलेलं औषध सगळीकडे सारखं ओतायचं. आधी गवत काढा नाहीतर अर्धं तेच पिऊन टाकतं. पण खतात कंजुषी करायची नाही, मोठ्या झाडाला ५० किलो शेणखत तरी पाहिजेच.

कलमवाली_दापोली
वरचं प्रमाण बरोबर आहे पण ते सशक्त झाडासाठी. दादा, करारवाल्यांनी आधी कल्टार घातलं होतं का ते विचारा. आणि एक फांदी खाली ओढून शेंड्याकडची पेरं, म्हणजे दोन पानांमधलं अंतर, बघा.

राजापूरवाला_पुण्यात
ताई विचारलं, दरवर्षी घालायचे म्हणे, किती ते कोणालाच माहीत नाही. पेरं अगदी आखूड आहेत, पानं टोकाला गुच्छासारखी जमलीत, आणि दोन झाडांच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला.

कलमवाली_दापोली
मग यंदा कल्टार अजिबात नको!! आखूड पेरं म्हणजे औषध जास्त झालंय, ते मातीत बराच काळ राहतं, त्यात अजून घातलं तर झाडाची वाढच खुंटेल. कराराच्या बागांचं हेच दुखणं आहे, घेणाऱ्याला त्याच्या मुदतीतला आंबा हवा असतो, पुढे झाडाचं काय होतंय ते मालकाने बघायचं, आणि मालक असतो मुंबई-पुण्यात. मला याचा मनापासून त्रास होतो कारण अशी कलमं परत उभी राहायला वर्षं जातात.

भुसा म्हणजे भिरूड, खोड पोखरणारी अळी. ते आधी बघा, बाकी सगळं नंतर. छिद्रात तार घालून अळी ओढून काढा, औषधाचा बोळा आत सारा आणि चिखलाने लिंपून घ्या.

छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सगळी बाग एकदम छाटू नका, दोन-तीन वर्षांत ओळीओळीने करा म्हणजे उत्पन्न पूर्ण बंद होणार नाही. आधी मधली उभी फांदी काढा, ऊन आत शिरलं पाहिजे. कापायच्या फांदीला आधी खालून खाच द्या नाहीतर ती साल सोलवटत खाली येते. कापल्या जागी लगेच बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा कारण ओल्या जखमेत भिरूड हमखास शिरतो. नंतर धुमारे खूप फुटतात, त्यातले चहूबाजूंना जाणारे जोमदार ठेवून बाकीचे विरळायचे. फळ धरायला तीनेक वर्षं लागतात, तेवढा धीर धरा.

देवगडी_बागायतदार
पटलं ताई, पेरं आखूड आणि वर भुसाही दिसतोय, तर कल्टारचा विषय संपला. दादा, नांग्या भरताना, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावताना, मात्र सगळा हापूस लावू नका. हापूसच्या मोहोरात संयुक्त (नर-मादी दोन्ही भाग असलेली) फुलं कमी असतात, दुसऱ्या जातीचं परागीकरण मिळालं तर फळधारणा सुधारते. दहाएक टक्के रत्ना किंवा केसर घाला. रत्ना वेंगुर्ल्याची, नीलम आणि हापूसचा संकर, दरवर्षी धरते आणि साका (गरात होणारा पांढरट, न पिकणारा भाग) नसतो. हापूसमध्ये साका टाळायचा तर आंबा चौदा आणे (म्हणजे सोळा आण्यांपैकी चौदा, जवळजवळ पूर्ण) तयार झाला की सकाळच्या गारव्यात देठासकट झेल्याने (काठीला लावलेल्या जाळीने) उतरवायचा, झाडावर फार पिकू द्यायचा नाही.

मालवणी_मावशी
आणि तो रायवळ तोडू नको रे बाबा! सावली पडते तर त्या बाजूच्या फांद्या उतरव. मोहोराला माश्या येतात त्या कुठलं झाड कोणाचं बघत नाहीत, त्याचाही पराग हापूसला मिळतो. रायत्याला, साठाला (आंबापोळीला) आम्हाला रायवळच लागतो, हापूसला ती आंबटगोड चवच नाही. शिवाय कोय कलमाला (कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात ते) खुंट, म्हणजे खालचं रोप, याच कोयींचा. आत्ता जूनमध्ये खाली पडलेले बाठे (कोयी) गोळा कर, वाळू दिलेस तर रुजत नाहीत, ताजेच वाफ्यात लाव. तांबूस कोवळं रोप वर आलं की पानं हिरवी व्हायच्या आत कलम बांधायचं, काडी तुमच्याच बागेतल्या चांगल्या हापूसची घ्यायची.

राजापूरवाला_पुण्यात
मावशी, रायवळ राहणार, भावालाही वाचून दाखवलं. शनिवारी गावी जातोय, बाठे पण गोळा करतो. ताई, काडी घेताना कुठली बघायची? आखूड पेरांच्या झाडावरची चालेल का?

कलमवाली_दापोली
नको, ज्या झाडावर कल्टारचा परिणाम कमी दिसतोय आणि भिरूड नाही असंच झाड निवडा. काडी तीन-चार महिने जुनी, रोपाच्याच जाडीची, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी. पानं कापून टाका, देठाचे तुकडे राहू द्या, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी बांधा.