जुन्या संगणकांवर लिनक्स: स्वतः वापरणे ठीक, पण दुसऱ्याला द्यावेत का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

कोयनाकाठ

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे माझ्या ओळखीतल्या चार घरांनी चालते संगणक भंगारात काढायचे ठरवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६ साली चांगले पैसे मोजून घेतलेले आणि आजही विनातक्रार काम करणारे यंत्र केवळ यादीत बसत नाही म्हणून बाद ठरते. मला हे पटत नाही. म्हणून गेले काही महिने मी अशी यंत्रे मागून आणतो, उघडतो, साफ करतो आणि त्यांवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली, टाकतो. आतापर्यंत अकरा यंत्रे हाताखालून गेली, त्यांपैकी आठ आज चालू आहेत.

त्यांतले सर्वांत जुने यंत्र २००९ साली जुळवून घेतलेले आहे: कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम आणि खरखरणारी हार्ड डिस्क. ते सुरू व्हायला चार मिनिटे लागत आणि दर वेळी तारीख मागे गेलेली असे, कारण बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता. सेल बदलला, पंख्यातली धूळ काढली, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली, रॅम ४ जीबी केली (या बोर्डाची मर्यादा तेवढीच आहे) आणि हार्ड डिस्कच्या जागी १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. आता ते पाऊण मिनिटाच्या आत कामाला तयार होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. हा वेग जितका लिनक्समुळे आला, त्याहून अधिक एसएसडीमुळे आला. फिरत्या तबकडीची डिस्क डिस्कभर विखुरलेले तुकडे सेकंदाला शंभरेकदाच वाचू शकते, तर साधी एसएसडी तेच काम हजारो वेळा करते; आपण ज्याला ‘संगणक म्हातारा झाला’ म्हणतो, तो बहुतेकदा डिस्कची वाट पाहत थांबलेला असतो. लिनक्सचे खरे काम पुढे सुरू होते: सुरक्षेची अद्यतने मिळत राहतात, परवान्याचा खर्च नसतो, आणि मोजक्या रॅममध्ये झेडरॅम, म्हणजे रॅममधलाच मजकूर दाबून जागा वाढवण्याची सोय, चालू करून ब्राउझर वापरण्याजोगा ठेवता येतो.

तीन यंत्रांनी साथ दिली नाही. एकाच्या बोर्डावरचे कॅपॅसिटर फुगले होते. दुसरे ॲटम एन२६०० प्रोसेसरचे नेटबुक होते. त्यातल्या ग्राफिक्ससाठी लिनक्समध्ये नीट ड्रायव्हरच नाही, त्यामुळे पडदा उजळला तरी चित्रफीत अडखळत राहिली. तिसऱ्याचा बोर्डच गेलेला निघाला.

चालू असलेल्या आठांपैकी तीन मी खेड्यातल्या एका शाळेला देणार आहे. तालुक्यातालुक्यात हौशी मंडळींनी हेच करावे, चालते यंत्र भंगारवाल्याकडे जाऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. विरोधी मत असल्यास अवश्य मांडावे.

भारनियमन

तुमच्या कष्टांविषयी आदर ठेवून या सरसकट आवाहनाला मी विरोध करतो, कारण मी वीजजोडणीची कामे करतो आणि माझे उत्तर मीटरवर दिसते. माझ्याकडे पेंटियम ४ आणि १७ इंची सीआरटी मॉनिटर असा संच होता. प्लगला मोजणीयंत्र लावून पाहिले तेव्हा दोन्ही मिळून १९० वॅट घेत होते. रोज चार तास धरले तर वर्षाला साधारण २७७ युनिट होतात. शेजारी सहाव्या पिढीच्या इंटेलचा, कार्यालयातून बाद झालेला छोटा संगणक एलसीडीसह ४० वॅटवर चालतो. त्याची वर्षाची ५८ युनिट होतात. आठ रुपये दराने वर्षाला साडेसतराशे रुपयांचा फरक पडतो. तो छोटा संगणक मी आठ हजारांना घेतला, म्हणजे पाच वर्षांच्या आत पैसे वसूल झाले आणि यंत्र कैक पटींनी वेगवान मिळाले. वीजबिल भरताना जिची ओढाताण होते, त्या शाळेला पेंटियम ४ देणे म्हणजे दर महिन्याचा खर्च देणे आहे.

तुमच्या कोअर टू ड्युओला माझा हा आक्षेप नाही, कारण एलसीडी लावल्यावर तो संच याच्या निम्म्याच्या आसपास असेल. पण एसएमपीएसचे, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीचे, काय? पंधरा वर्षे जुन्या एसएमपीएसमधले कॅपॅसिटर वाळलेले असतात. त्यातच कित्येक शाळांच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नावालाच असते. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या गाळणीतल्या कॅपॅसिटरमुळे पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. त्या कॅबिनेटला हात लावणारी आठ-दहा वर्षांची मुले असणार आहेत, याचा विचार यंत्र देण्याआधी व्हावा.

फळा-खडू

मी द्विशिक्षकी शाळेत शिकवते. मला वीज किंवा ड्रायव्हर यांतले फारसे कळत नाही, परंतु देणगी घेणाऱ्याच्या बाजूने काय घडते ते सांगणे मला आवश्यक वाटते.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने आम्हाला पाच जुने संगणक दिले. नारळ फुटला, फोटो निघाले, मुलांना खाऊ वाटला. पाचांवर तीन वेगवेगळी लिनक्स होती, कारण ती वेगवेगळ्या हौशी व्यक्तींनी आपापल्या आवडीप्रमाणे टाकली होती. एकावर मेनू खाली, दुसऱ्यावर वर, तिसऱ्यावर उजव्या कळीने उघडणारा. मी मुलांना ‘इथे क्लिक करा’ असे एकदाच सांगू शकत नव्हते. दोन महिन्यांनी अद्यतन चालू असताना वीज गेली आणि एका यंत्रावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येऊन थांबली. संस्थेने दिलेल्या क्रमांकावर मी किती वेळा फोन केला ते आता सांगत नाही. तो उचलला गेला नाही. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि सांगितले की हे लिनक्स आहे, आम्हाला येत नाही, हवे तर विंडोज टाकून देतो. त्याने टाकलेल्या विंडोजला परवाना नव्हता, हे मला नंतर समजले. आज पाचांपैकी दोन चालतात.

चौथीतली मुले दर गुरुवारी ‘बाई, आज संगणकाचा तास आहे ना’ असे विचारत. तीन यंत्रे बंद पडल्यावर त्यांनी विचारणे थांबवले, आणि त्याचे मला सर्वाधिक वाईट वाटते.

केरळचे उदाहरण इथे कुणीतरी देईलच, म्हणून मीच देते. तिथे २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला. त्याचीच आजची संस्था ‘काइट’ नावाने ओळखली जाते. राज्यातल्या सरकारी शाळांसाठी उबुंटू या लिनक्सवर आधारलेली एकच प्रणाली, तीच समोर ठेवून लिहिलेली पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांचे प्रशिक्षण अशी ती रचना आहे. केरळमधल्या शिक्षिकेचे यंत्र अडले तर तिच्या शेजारच्या शाळेतही तीच प्रणाली आणि ती शिकलेली माणसे असतात. माझे यंत्र अडले तेव्हा मी एकटी होते.

जुळारी

मी तीस वर्षे डीटीपी करतो. माझ्याकडच्या कित्येक फायली युनिकोड ही आजची प्रमाण अक्षरसंकेत पद्धती येण्यापूर्वीच्या काळातल्या फॉन्टमध्ये आहेत. अशा फॉन्टमध्ये ‘क’ च्या जागी आत रोमन अक्षराचाच सांकेतिक क्रमांक असतो, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. छपाईच्या धंद्यात ज्यांवर पोट चालते ती श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअरे विंडोजसाठी आहेत. एका हौशी मित्राने मदतीच्या भावनेने माझ्या सहकाऱ्याच्या संगणकावरून विंडोज काढून लिनक्स टाकले, आणि लग्नसराईचे आठ दिवस पत्रिकांचे काम अडून राहिले. यंत्र कुणाच्या रोजीरोटीचे असेल, तर आधी विचारावे आणि जुनी डिस्क जशीच्या तशी बाजूला काढून ठेवावी, एवढीच माझी विनंती आहे.

नवे मराठी लेखन मात्र लिनक्सवर उत्तम होते, हेही सांगितले पाहिजे. इनस्क्रिप्ट कळफलक तयारच मिळतो, लिब्रेऑफिसमध्ये जोडाक्षरे नीट उमटतात आणि लोहित, मुक्ता, नोटो हे फॉन्ट मोफत आहेत. ज्याला आज नव्याने टंकलेखन शिकायचे आहे, त्याला विंडोजवाचून काहीही अडत नाही.

चौसष्ट बिट

मूळ लेखात वयाची रेषा स्पष्ट व्हायला हवी होती. ३२-बिट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या प्रोसेसरच्या, यंत्रांचे दिवस लिनक्सवरही संपत आले आहेत. क्रोमने ३२-बिट लिनक्सचा पाठिंबा २०१६ मध्येच काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स वितरणामध्ये (तयार संचामध्ये) ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, आणि फायरफॉक्सनेही १४५ व्या आवृत्तीपासून ३२-बिट लिनक्स सोडले. अँटिएक्ससारख्या मोजक्या वितरणांनी ही वाट काही काळ चालू ठेवली आहे. पण ब्राउझरच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्यावर असे यंत्र इंटरनेटला जोडून शाळेत ठेवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. ‘लिनक्स आहे, व्हायरस लागत नाही’ हे वाक्य मी अनेक हौशी मित्रांकडून ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे. जुन्या ब्राउझरमधली फट कोणत्याही प्रणालीवर फटच असते.

रात्रपाळी

वरच्या आक्षेपांतले बरेचसे मला मान्य आहेत, पण सगळी चर्चा ‘यंत्र उपयोगी पडेल का’ एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते आहे. मी आज सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करतो आणि तिची सुरुवात एका टाकाऊ लॅपटॉपपासून झाली. अकरावीत असताना मामाने तो दिला. त्याचे ब्रॉडकॉम वायफाय चालेना, म्हणून फर्मवेअर म्हणजे काय ते शोधले. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक ओळ चुकली आणि यंत्र सुरू होईना, म्हणून पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करून ती ओळ दुरुस्त करायला शिकलो. घरात नवा संगणक असता तर वडिलांनी मला त्याला हातही लावू दिला नसता, आणि त्यात त्यांचे काही चुकले असते असे मी म्हणणार नाही. मोडले तरी चालेल असे यंत्र मिळणे, ही शिकणाऱ्यासाठी फार मोठी गोष्ट असते. भारनियमन यांनी काढलेल्या साडेसतराशे रुपयांच्या फरकात माझ्यासारख्याचे शिक्षण झाले आहे, हेही त्या हिशेबात धरावे.

भारनियमन

ते धरले, आणि घरी शिकण्यासाठी वापरलेल्या यंत्राला माझा विरोध नव्हताच. मात्र मोडले तरी चालेल असे यंत्र तुम्हाला मिळाले, तसेच ते मोडल्यावर रात्रभर बसण्याची तुमची तयारीही होती. शाळेतल्या बाईंना पंचवीस मुले, पोषण आहाराची नोंद आणि दोन वर्गांचे तास एकाच वेळी सांभाळायचे असतात. त्यांच्याकडून ती रात्र मागता येणार नाही.

कोयनाकाठ

फळा-खडू यांचा प्रतिसाद मी अनेकदा वाचला. माझ्या लेखात मी अकरा यंत्रांचे वर्णन केले आणि ती ज्यांच्याकडे जाणार त्या माणसांविषयी एक ओळही लिहिली नाही, ही उणीव मला मान्य आहे. ‘तालुक्यातालुक्यात करावे’ हे आवाहन मी या स्वरूपात मागे घेतो. पेंटियम ४ आणि एकंदर ३२-बिट यंत्रे कुणालाही देणार नाही. ती सुट्या भागांसाठी ठेवीन आणि उरलेली भंगारवाल्याऐवजी ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवीन.

एका बाबतीत मात्र माझे मत कायम आहे. २०१२ ते २०१७ या काळातली ६४-बिट यंत्रे ही आज सर्वांत मोठ्या संख्येने बाद केली जाणारी आणि सर्वांत कमी खर्चात उभी राहणारी यंत्रे आहेत असे माझ्या अनुभवाला आले आहे, आणि त्यांना भारनियमन यांचा वीजबिलाचा किंवा चौसष्ट बिट यांचा ब्राउझरचा आक्षेप लागू होत नाही. शाळेसाठी बाजूला काढलेली तिन्ही यंत्रे याच काळातली आहेत. तिन्हींचे एसएमपीएस मी बदलले आहेत. शाळेतले अर्थिंग आधी तपासून घेईन आणि ते नसेल तर ते करून झाल्याशिवाय यंत्रे लावणार नाही. फळा-खडू, आपल्या दृष्टीने आणखी काय असायला हवे, ते कृपया सांगावे.

फळा-खडू

तिन्हींवर एकच प्रणाली, एकच मांडणी आणि मराठी मेनू असावा. पासवर्ड शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राच्या नोंदीसमोर लिहून द्यावा, कारण माणसे बदलून जातात आणि वही राहते. अद्यतने आपोआप सुरू होऊ नयेत. ती आपण समोर असताना करावीत. बिघाड झाल्यास मूळ स्थितीत आणणारा पेन ड्राइव्ह आणि त्याची कृती एका पानावर, चित्रांसह द्यावी. ती कृती मी आपल्यासमोर स्वतः एकदा करून पाहीन आणि मगच पोच देईन. पहिल्या सत्रात महिन्यातून एकदा तरी यावे. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारी निवांत बसता येते.

कोयनाकाठ

ही सर्व तयारी करण्यास मला तीन आठवडे लागतील. ज्या शाळेला मी शब्द दिला आहे, तिच्या मुख्याध्यापकांना आपली ही यादी आजच पाठवतो आणि दर महिन्याचा दुसरा शनिवार तिथे जाण्यासाठी राखून ठेवतो. कृतीचे पान तयार झाले की आधी इथे ठेवीन. ते वाचून कुठे अडते ते आपण सांगावे.