नवीन औषधांसाठी जंतूंच्या आयसोप्रेनॉइड एन्झाइमांमागे लागावं, की आहेत ती औषधं आधी सांभाळावीत?

परळकर_सर
परवा प्रॅक्टिकलला स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूची प्लेट काढली, वसाहती अगदी सोनेरी. एका मुलीने विचारलं, "सर, हा रंग कशाला?" तो जंतूचं चिलखत आहे. आपल्या पांढऱ्या पेशींचा मारा तो झेलतो, आणि बनतो आयसोप्रेनॉइडपासून, म्हणजे पाच-पाच कार्बनचे तुकडे जोडून. 2008 मध्ये कोलेस्टेरॉलसाठी तयार केलेल्या एका रेणूने हा रंग बनवणारं एन्झाइम अडवलं. जंतू पांढरे पडले आणि उंदरांच्या शरीराने त्यांचा बराच निकाल लावला.

हे तुकडे माणूस मेव्हॅलोनेट मार्गाने बनवतो. स्टॅटिनची गोळी तोच मार्ग अडवते. टीबीचा जंतू आणि मलेरियाचा परजीवी एमईपी नावाच्या वेगळ्याच मार्गाने बनवतात. त्यातली सातही एन्झाइमं आपल्या शरीरात नाहीत. औषध शोधायचं तर इथेच, असं माझं ठाम मत आहे.

डोंबिवली_केमिस्ट
सर, फळ्यावर हे पटतं. पण एमईपीतलं एन्झाइम अडवणाऱ्या फॉस्मिडोमायसिन या औषधाचं काय झालं? 1999 मध्ये ते मलेरियावर चालतं हे कळलं तेव्हा आम्हीही हरखलो होतो. पण ते रक्तात फार टिकत नाही, आणि एकटं दिलं तर मलेरिया उलटतो. टीबीत तर टेस्ट ट्यूबमध्ये एन्झाइम थांबतं, जंतू मात्र ढिम्म! ई. कोलायमध्ये ते ज्या वाहक प्रथिनातून आत शिरतं, ते टीबीच्या जंतूकडे नाहीच. शिवाय तुमचा सोनेरी स्टॅफ मेव्हॅलोनेटवाला, त्याला एमईपीचं औषध लागूच पडणार नाही. आतड्यातले कितीतरी उपयोगी जीवाणू मात्र एमईपीवर जगतात, त्यांना फटका बसेल.

परळकर_सर
स्टॅफचं मान्य, मी दोन गोष्टी एकत्र केल्या. पण आत शिरण्याची अडचण सुटण्यासारखी आहे. रेणूवर चरबीत विरघळणारं आवरण चढवलं तर प्रयोगशाळेत टीबीचा जंतू मरतो, हे दिसलंय. आणि मलेरियात हा घाव किती वर्मी बसतो बघा. 2011 मध्ये रक्तातल्या परजीवीचं एपिकोप्लास्ट हे अंगकच, म्हणजे पेशीतला एमईपी मार्ग चालतो तो कप्पाच, काढून टाकलं आणि बाहेरून फक्त पाच कार्बनचा तुकडा पुरवला. परजीवी जगला. म्हणजे त्या टप्प्यात ते अंगक एवढ्या एका कामासाठी हवं असतं.

दादर_त्वचारोग
लक्ष्य सापडेल हो, पण टिकेल का? याच साखळीतलं एक लक्ष्य आपण डोळ्यांदेखत घालवतोय. गजकर्णावरचं टर्बिनाफिन हे औषध बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवतं, म्हणजे आयसोप्रेनॉइडच्याच पुढच्या पायरीवर घाव. माझ्याकडे गजकर्णाचे पेशंट पिशवीभर पिळलेल्या ट्यूबा घेऊन येतात. बहुतेकींत स्टेरॉइड. लाली दोन दिवसांत जाते, खाज थांबते आणि चट्ट्याची कडा मांडीवरून कंबरेपर्यंत सरकते. लोकलमधला घाम, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, घरात एकच टॉवेल. आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही गजकर्णाची बुरशी पसरलीय, 2020 मध्ये तिला हे नाव मिळालं. त्या एन्झाइममधलं एखादंच अमिनो आम्ल बदललं तरी गोळी निष्प्रभ होते. आधी वापर सुधारा, मग नवीन शोधा.

गोवंडी_आरोग्यसेविका
डॉक्टर, हे मला पटत नाही. माझ्या एका पेशंटने आयुष्यात टीबीची एक गोळी चुकवली नव्हती, कारण त्याला आधी टीबी झालाच नव्हता. पहिल्याच तपासणीत रिफॅम्पिसिन रेझिस्टंट निघाला, म्हणजे टीबीचं ते मुख्य औषध त्याच्या जंतूवर चालत नव्हतं. दहा बाय दहाची खोली, खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. त्याने काय सांभाळायला हवं होतं? पूर्वी अशा पेशंटला महिनोन्महिने इंजेक्शनं द्यायचो. एका मुलीला ऐकू येईनासं झालं, तिची आई मला बघितलं की अजून मान फिरवते. बेडाक्विलिन हे टीबीचं नवं औषध आलं तेव्हा कुठे ती इंजेक्शनं सुटली. तेही कधीकाळी कुणाच्या फळ्यावरच असेल ना?

डोंबिवली_केमिस्ट
ताई, शोधूच नका असं मी म्हणत नाही. पण बेडाक्विलिनलाही न दबणारे जंतू दिसू लागलेत. भारतात 2016 मध्ये ते सरकारी कार्यक्रमातूनच द्यायला सुरुवात झाली, खुल्या दुकानातून नाही. एमईपीचं औषध आलंच तर तेही असंच, आणि पहिल्या दिवसापासून दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यावं.

दादर_त्वचारोग
ताई, त्या पेशंटपुरतं तुमचंच खरं, माझं वाक्य सरसकट झालं. पण गजकर्णासाठी असा कुठला कार्यक्रम आहे? स्टेरॉइडची ट्यूब आजही माझ्या क्लिनिकखालच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते.