कानात प्राण आणून बसलेल्या बायका : युद्धकाळातल्या तारायंत्रावरच्या स्त्रियांचे अनुभव

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे बायकांचं एक लष्करी दल होतं, हे बऱ्याच घरांत आज कुणाला ठाऊक नसतं. १९४२ मध्ये विमेन्स ऑक्झिलरी कोअर इंडिया उभं राहिलं. त्यात ब्रिटिश, अँग्लो-इंडियन, पारशी, ख्रिश्चन, हिंदू, मुसलमान अशा सगळ्या घरांतल्या बायका आल्या आणि भर युद्धात त्यांची संख्या ११ हजारांच्या आसपास पोचली. टेलिप्रिंटर (तारेवरून मजकूर पाठवणारं-छापणारं टाइपरायटरसारखं यंत्र), स्विचबोर्ड, सायफर म्हणजे सांकेतिक लिपी, वायरलेस अशा कामांवर त्या बसायच्या. याच दलातून १९४४ मध्ये नौदलाची शाखा निघाली. तिच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन जून १९४५ मध्ये स्कॉटलंडात रोसाइथच्या नौदल तळावर गेल्या होत्या. त्यांचा साडीतला फोटो अनेकांनी पाहिला असेल. बाकीच्यांचे फोटो असलेच तर कुणाच्या तरी ट्रंकेत आहेत.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात, नात्यात, शेजारात अशी कुणी होती का? देश कुठलाही असो. पदकं मिळाली की नाही ते नंतर बघू. ती कामावर कशी जायची, काय खायची, झोपायची कधी, रात्री घरी कशी यायची, घरच्यांना काय सांगायची, हे लिहा. ज्यांना विचारता येईल अशा फार थोड्या उरल्यात. हयात असतील तर आजच विचारा.

वसई

माझ्या वडिलांची सगळ्यात मोठी बहीण. आम्ही तिला आत्याबाय म्हणायचो. कॉन्व्हेंटमध्ये मॅट्रिक झालेली, इंग्रजी उत्तम, टायपिंग शिकलेली. १९४३ मध्ये भरती झाली. कारण साधं होतं : पाठची पाच भावंडं, रेशन सुरू झालेलं आणि पगार नियमित. बांद्र्याला मावशीकडे राहायची, तिथून गाडीने चर्चगेट आणि पुढे चालत फोर्टातल्या कार्यालयात.

काम टेलिप्रिंटरचं. तीन पाळ्या. रात्रपाळीच्या मुलींना लष्कराची लॉरी घरी सोडायची, आणि पहाटे लॉरीतून उतरणारी मुलगी दिसली की वाडीतल्या बायका काय बोलायच्या ते तिने आम्हाला आम्ही मोठे झाल्यावरच सांगितलं. मावशी मात्र तिच्या बाजूने खंबीर उभी राहिली. दारात पाण्याची बादली ठेवून जागी असायची. दिवसा झोप हा मोठा प्रश्न. एप्रिल-मेची मुंबई, खोलीत सात माणसं, खाली मासळीवालीची हाळी. आत्याबाय डोक्यावरून ओला पंचा घेऊन पडायची.

समोर येणारा मजकूर म्हणजे पाच अक्षरं, मोकळी जागा, पुन्हा पाच अक्षरं. अर्थ काही नाही. एक अक्षर चुकलं तर पलीकडे उलगडणाऱ्याचा सगळा गट बिघडणार, म्हणून नजर कागदावरून हलवायची नाही. ती सांगायची की शब्द असतात तेव्हा मन पुढचं ओळखतं, इथे मनाला कसलाच आधार नसतो, त्यामुळे दोन तासांतच मान दगडासारखी होते.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. ती दुपारच्या पाळीला होती. चारनंतर थोड्याच वेळात पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट दारूगोळ्यासकट उडाली होती. त्याच बोटीत कापसाच्या गाठी होत्या, त्या पेटून शहरावर पडत होत्या. यांच्या खिडक्यांच्या काचा आत आल्या. सगळ्यांना वाटलं जपान्यांचा हल्ला झाला. दोघी मुलींच्या हातांना लागलं, त्यांना खाली नेलं. बाकीच्यांनी यंत्रावरच्या काचा फडक्याने झाडल्या आणि पुन्हा बसल्या, कारण लाइन चालू होती आणि कागद येतच होते. पाळी संपली तरी बदली मुली पोचू शकल्या नाहीत, म्हणून यांनीच रात्रभर काम केलं. सकाळी बाहेर पडली तेव्हा आभाळ काळं होतं. बांद्र्यापर्यंत कशी पोचली ते तिला कधीच नीट आठवलं नाही. सेन्सॉरमुळे छापील बातमीही यायला वेळ लागला, आणि घरी ती एवढंच म्हणाली की कार्यालयात काम जास्त होतं. वडिलांना खरी हकीकत कळली ती तिच्या साठीत.

पुणे

मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौसेने वायरलेस चालवणारा आहे, म्हणून तांत्रिक बाजूने थोडं लिहितो. मोर्स डोळ्यांनी शिकता येत नाही. टिंब-रेघ मोजत बसलात तर वेग कधीच येत नाही. अक्षर हा एक ताल असतो, तो कानाने पाठ व्हावा लागतो. मुरलेला ऑपरेटर ऐकतो एक अक्षर आणि लिहीत असतो दोन-तीन मागचं. मिनिटाला २० शब्द म्हणजे साधारण १०० अक्षरं, आणि लष्करी संदेशात तीही बिनअर्थाची.

शिवाय प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणी रेघ लांबवतं, कुणी दोन अक्षरांमध्ये किंचित थांबतं. ओळखीच्या माणसाचं पाऊल जिन्यावर ऐकून कळावं तसं ते कळतं. युद्धात याचाच उपयोग करून शत्रूचा ऑपरेटर कुठून कुठे हलला ते हेरलं जायचं. नाव ठाऊक नाही, चेहरा पाहिलेला नाही, पण हात पाठ.

लेस्टर, इंग्लंड

पुण्याच्या प्रतिसादाशी अगदी जुळणारी माझी आठवण आहे. मी इथे वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याचं काम बरीच वर्षं केलं. त्यातल्या एक आजी (मी त्यांना आजीच म्हणायचे, त्यांना ते फार आवडायचं) युद्धात एटीएसमध्ये, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या महिला दलात होत्या. आमच्यापासून जवळच बोमॅनॉर नावाचा जुना वाडा आहे, तिथे त्या बसायच्या. वाड्याच्या आवारातल्या कामाच्या इमारती विमानातून ओळखू येऊ नयेत म्हणून गोठा, तबेला, शेतघर अशा दिसतील तशा बांधल्या होत्या. आत रांगेने मुली, कानाला हेडफोन, समोर अमेरिकन बनावटीचा एचआरओ रिसीव्हर.

जर्मन सैन्याचे संदेश ऐकायचे आणि पेन्सिलीने पाचपाच अक्षरांत उतरवायचे. स्वतः काहीच पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. पलीकडच्याला सांगता येत नाही की बाबा रे, पुन्हा सांग, वादळात ऐकू आलं नाही. लिहिलेले कागद नळीत घालून हवेच्या दाबाने दुसऱ्या इमारतीत जायचे आणि तिथून ब्लेचली पार्कला, म्हणजे शत्रूची सांकेतिक लिपी उलगडणाऱ्या ब्रिटिशांच्या गुप्त केंद्रात. आजींना तेव्हा ब्लेचली हे नावही माहीत नव्हतं. आपण उतरवलेलं कुठे जातं, त्याचं काय होतं, कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

त्यांच्या बोलण्यात थंडी फार यायची. रात्री बारा ते सकाळी आठची पाळी, बोटं गारठलेली, वर लोकरीचे बिनबोटांचे मोजे. खायला पावाबरोबर बीन्स आणि न संपणारा चहा. राहायच्या जागी गरम पाणी मोजून. पाळी संपल्यावर सायकली काढून नाचाला जायच्या, आणि नाचताना एखाद्या मुलीची बोटं जोडीदाराच्या खांद्यावर आपोआप मोर्स वाजवत असायची. हे सांगताना त्या एवढ्या हसायच्या की मला त्यांना धरावं लागायचं.

त्या एका जर्मन ऑपरेटरला वर्षभर ऐकत होत्या. त्याचा हात जलद आणि स्वच्छ. एका रात्री तो मधेच थांबला आणि पुन्हा कधी आला नाही. 'मी त्याच्यासाठी रडले, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती,' असं त्या मला म्हणाल्या. नवऱ्यालाही तीसेक वर्षं काही सांगितलं नव्हतं. सत्तरच्या दशकात गुप्ततेचं झाकण उघडलं तोवर आईवडील गेले होते. मुलीने युद्धात नुसती कारकुनी केली, अशीच त्यांची समजूत राहिली. याचं त्यांना फार लागायचं.

नागपूर

मी ऐंशीच्या दशकात मॉस्कोत शिकायला होतो. वसतिगृहाच्या दारावर बसणाऱ्या बाबुश्का, म्हणजे आजी, युद्धातल्या रेडिस्ट्का, म्हणजे वायरलेस ऑपरेटर. एरवी अंगावर साधा शालीचा तुकडा. ९ मेला मात्र कोटावर पदकांची रांग लावून त्या बोल्शोय थिएटरसमोरच्या चौकात जायच्या, जुन्या सोबतिणींना शोधायला. एका वर्षी मलाही बरोबर नेलं.

१९४२ च्या वसंतात सोव्हिएत सरकारने हजारो मुलींना संदेशवहनाच्या कामावर बोलावलं, त्यात त्या १९ व्या वर्षी गेल्या. लाल सैन्यात एकूण ८ लाखांच्या आसपास बायका होत्या, पण सुरुवातीला कपडे आणि बूट पुरुषांच्याच मापाचे. बुटात पायाला फडकी गुंडाळायची, ती नीट गुंडाळली नाहीत तर काही मैलांत पाय सोलून निघायचे. वायरलेसच्या दोन पेट्या, एक यंत्राची, एक बॅटऱ्यांची. यंत्र यांच्या पाठीवर, बॅटऱ्या दुसऱ्या मुलीच्या. थंडीत बॅटऱ्या मान टाकायच्या, म्हणून त्या कोटाच्या आत अंगाशी धरून झोपायच्या.

घरी पत्र पाठवायला लिफाफा नसायचा. कागदच त्रिकोणी दुमडायचा, वर पत्ता. सेन्सॉर वाचणार म्हणून पत्रात काय, तर मी बरी आहे, खायला मिळतं, तुम्ही जपा. आईने ते त्रिकोण सगळे ठेवले होते. मला त्यांनी दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, 'यात एकही खरं वाक्य नाही.'

वडोदरा

नूर इनायत खानचं नाव इथे यायलाच हवं, आणि ते बडोद्याच्या माणसाने लिहावं हे मला योग्य वाटतं. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, वीणावादक. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने इथे गायनशाळा चालवली. आमच्या घरातल्या दोन पिढ्या त्या परंपरेत शिकल्या. नूर वाढली पॅरिसजवळ, वीणा आणि हार्प वाजवायची, मुलांसाठी जातककथा लिहायची.

१९४० मध्ये ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाली आणि वायरलेस शिकली. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी तिला जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सला हेर म्हणून गुप्तपणे उतरवलं. थोड्याच दिवसांत तिचं पॅरिसमधलं हेरांचं जाळं जर्मनांनी उद्ध्वस्त केलं. परत बोलावलं तरी ती आली नाही, कारण मागे संदेश पाठवणारं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. यंत्र पेटीत घालून घरं बदलत राहायचं, लांबलचक एरियल कुठल्या तरी झाडावर किंवा गच्चीवर टाकायची, काही मिनिटांत संदेश संपवून निघायचं, कारण लहरींचा माग काढणाऱ्या गाड्या शहरभर फिरत असत. ऑक्टोबरमध्ये ती फितुरीने पकडली गेली. पाठवलेल्या संदेशांची तिची वही जर्मनांच्या हाती लागली आणि तिचंच यंत्र वापरून त्यांनी लंडनला फसवलं. हे लिहिताना त्रास होतो, पण ते सोडून तिची गोष्ट सांगणं बरोबर नाही. चौकशीत तिने सोबत्यांविषयी काही सांगितलं नाही, दोनदा पळायचा प्रयत्न केला, मग महिनोन्महिने साखळदंडात राहिली. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय ३०. लंडनमध्ये गॉर्डन स्क्वेअरला तिचा अर्धपुतळा आहे. गेलात तर जरूर थांबा.

गिरगाव, मुंबई

वसईच्या आत्याबाय फोर्टात बसायच्या त्याच्या जेमतेम वर्षभर आधी याच शहरात दुसरा एक रेडिओ चालला होता, 'छोडो भारत' चळवळीचा गुप्त काँग्रेस रेडिओ. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२, ४२.३४ मीटरवर, जागा बदलत. तो चालवणाऱ्यांतल्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. माझी आजी ते प्रक्षेपण चाळीतल्या एका खोलीत दार लावून ऐकायची, आणि सरकारी खाकी घातलेल्या बाईशी ती बोललीही नसती. धाग्यात हे दोन्ही एकत्र असावं असं वाटलं. आत्याबायना कुणी याबद्दल विचारलं होतं का?

वसई

विचारलं होतं, माझ्या वडिलांनीच, तावातावाने. ती म्हणाली, 'तू तेव्हा दहा वर्षांचा होतास. तुझी फी मी भरत होते.' वडील पुढे काही बोलले नाहीत. मला स्वतःला दोघींचंही मोल सारखंच वाटतं.

सातारा

मी सैन्यात नव्हते. तारखात्यात होते, पण १९७१ चं युद्ध मी तारेच्या टेबलावरून पाहिलं, म्हणून लिहिते.

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि तारघरातलं वातावरणच बदललं. सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावणाऱ्या तारा एकामागून एक. खिडक्यांना काळा कागद, टेबलावर झाकलेला दिवा, साउंडरचं, म्हणजे तारेचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्राचं, कडकट्ट. आवाज ठसठशीत यावा म्हणून आम्ही साउंडरच्या मागे पत्र्याचा रिकामा डबा लावायचो.

लष्कराकडून घरच्यांना येणारी तार सुरुवातीच्या दोन शब्दांतच कळायची. हात लिहीत राहतो, पण आत काहीतरी थांबतं. पत्ता आधी येतो ना. गाव ओळखीचं, कधी आडनाव ओळखीचं. एकदा आमच्या तारवाल्याच्याच गावची तार आली. त्याला मी ती द्यायची होती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता स्वतः उठले आणि त्याच्याबरोबर सायकलवर गेले.

गावात तारवाला शिरला की बायका दारं लावून घ्यायच्या. पुढे निघून जा, आमच्याकडे थांबू नकोस. त्याला पाणीसुद्धा कुणी विचारायचं नाही, आणि त्याचं त्याला वाईटही वाटायचं नाही. खुशालीची तार असली तर तो वेशीपासूनच ओरडत जायचा : 'बरा आहे! बरा आहे!' असं खात्याच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी चालवून घेतलं.

१६ तारखेनंतरही तारा येत राहिल्या. शरणागतीची बातमी रेडिओवर झाली, पेढे वाटले गेले, आणि पुढचे कित्येक दिवस मी जखमींच्या, बेपत्तांच्या तारा घेत होते. ज्या घरी पेढे आदल्या दिवशी पोचले त्यांच्याही. घरी माझी मुलगी तान्ही होती. पाळी संपवून आले की तिला घेऊन बसायचे, पण बोलायला बराच वेळ लागायचा. सासूबाई काही विचारायच्या नाहीत, ताट वाढून समोर ठेवायच्या. त्यांचे धाकटे दीर फौजेत होते.

पणजी, गोवा

माझी मुलगी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेत, अधिकारी आहे. स्वातंत्र्यानंतर लष्करात वैद्यकीय सेवा सोडून इतर शाखांत बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली, आणि सिग्नल्ससारख्या शाखांत पुरुषांप्रमाणे कायम नेमणुकीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या निकालाने पक्का झाला. ती कुठे आहे, काय करते, हे ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही.

धागा तिला पाठवला होता. तिने सगळं वाचून दोन प्रश्न पाठवलेत. लेस्टरच्या ताईंना : आजी एका बैठकीत सलग किती तास ऐकायच्या, मधे उठू द्यायचे का? आणि साताऱ्याच्या काकूंना : तशी तार घेतल्यावर लगेच पुढची घ्यावी लागायची, की कुणी टेबल सांभाळायचं? तिच्या हाताखाली आता नव्या मुली आल्यात, त्यांच्या पाळ्या तिला लावायच्या आहेत.